उत्तर ग्रुपवर आहे, पण सापडत नाही : विखुरलेल्या टीममध्ये पुन्हा पुन्हा येणारा तोच प्रश्न

टीम पाच-सहा जिल्ह्यांत पसरलेली, कार्यालय एका शहरात, गोदाम दुसरीकडे, आणि कामाचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर. ग्रुपवर एक अडचण येते, कुणीतरी उत्तर देतं, काम मार्गी लागतं. महिन्याभराने तीच अडचण दुसऱ्या तालुक्यातून येते. ज्या दादांनी मागच्या वेळी उत्तर दिलं होतं ते गाडीवर असतात, फोन उचलत नाहीत. मग कुणी आठवेल तसं सांगतं, कुणी जुनी व्हॉइस नोट फॉरवर्ड करतं, आणि संध्याकाळपर्यंत एकाच प्रश्नाची दोन उत्तरं फिरत असतात.

यावर बहुतेक ठिकाणी नवं ॲप आणलं जातं. काही आठवडे उत्साह टिकतो, मग सगळे परत व्हॉट्सॲपवर येतात आणि आता माहिती दोन ठिकाणी सांडलेली असते. मी ज्या टीमांना ही घडी बसवायला मदत करतो त्यांच्यात हे इतक्या वेळा पाहिलं आहे की ॲपचं नाव विचारण्याआधी मी एकच विचारतो : एखाद्या गोष्टीचं शेवटचं, खरं उत्तर कुठे असतं आणि ते बरोबर ठेवायची जबाबदारी कोणाची? याचं उत्तर मिळालं नाही तर कुठलंही ॲप टिकत नाही.

पुढची उदाहरणं शेतावर सौर पंप बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या टीमची घेतो. कारण या कामात प्रश्न अगदी उघडा पडतो. महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंपाची पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. म्हणजे आज बसवलेल्या पंपाबद्दल तुमच्या टीमला पाच वर्षं उत्तर देता आलं पाहिजे. त्या काळात तंत्रज्ञ नोकरी बदलतील, मोबाइल हरवतील, कंट्रोलरचं, म्हणजे पंप चालवणाऱ्या-थांबवणाऱ्या पेटीचं, मॉडेल बदलेल. पाच वर्षं टिकायला हवी ती माहिती एखाद्याच्या फोनमधल्या चॅटवर सोपवून चालत नाही.

आधी नेमकं काय बिघडलंय ते बघा

व्हॉट्सॲप ग्रुप ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून लॅपटॉपवर उघडा. मागच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न शोधा. दहा-पंधरा सहज सापडतात. प्रत्येकासमोर लिहा की दुसऱ्यांदा विचारलं गेलं तेव्हा पहिलं उत्तर कुठे होतं.

उत्तरं चार प्रकारची निघतात. कुठेच लिहिलेलं नव्हतं, फोनवर सांगून विषय संपला होता. किंवा लिहिलेलं होतं पण शोधूनही मिळालं नाही. किंवा मिळालं, पण दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली आणि खरं कुठलं ते कळेना. किंवा मिळालं, पण कालबाह्य होतं. चौघांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ही तपासणी टाळू नका. ज्या टीमचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं आहे तिला ‘सगळ्यांनी जास्त लिहा’ असं सांगितलं तर न सापडणाऱ्या गोष्टींचा ढीग फक्त वाढतो.

पहिल्या प्रकाराला फार विचार लागत नाही. फोनवर ठरलेलं दोन ओळींत लिहायची सवय लावली की तो आटोक्यात येतो. बाकीचे तीन चिवट आहेत.

चॅट हे बोलण्याचं ठिकाण, साठवणीचं नाही

व्हॉट्सॲप वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. शेतात उभ्या असलेल्या माणसाला दोन मिनिटांत मदत मिळवून देणारं दुसरं साधन आज नाही. पण त्याच्या मर्यादा माहीत असू द्या. ग्रुपमध्ये नवा माणूस आला की आधीचं सगळं बोलणं त्याला आपोआप मिळत नाही. मेसेज पाठवल्यानंतर पंधरा मिनिटांपर्यंतच बदलता येतो, त्यानंतर चुकीचं उत्तर तसंच राहतं आणि फॉरवर्ड होत राहतं. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त तीस दिवस वर राहतो. कुणी ‘डिसअपिअरिंग मेसेज’ सुरू केले असतील तर नवे मेसेज कमाल ९० दिवसांत पुसले जातात. आणि ज्याने फोटो वेळेवर डाउनलोड केला नाही किंवा फोन साफ करताना उडवला, त्याला काही महिन्यांनी तो परत मिळेलच असं नाही.

चकचकीत ऑफिस ॲपवर गेल्याने हे आपोआप सुटत नाही. स्लॅक या ऑफिस चॅट ॲपच्या मोफत योजनेत शेवटच्या ९० दिवसांचंच बोलणं दिसतं. पाच वर्षांच्या हमीसमोर नव्वद दिवस ठेवून पाहा. आधीपासून पैसे भरत असाल तर जुनं दिसतं, पण दिसणं वेगळं आणि त्यातलं खरं उत्तर ओळखता येणं वेगळं. चाळीस मेसेजच्या चर्चेत पहिले तीन अंदाज चुकलेले असतात आणि बरोबर उत्तर मध्येच कुठेतरी ‘हो झालं, वायर सैल होती’ एवढंच असतं. सहा महिन्यांनी शोधणाऱ्याला नेमका पहिला चुकलेला अंदाज सापडतो.

म्हणून व्हॉट्सॲप राहू द्या, त्याच्या शेजारी उत्तरांचं एकच ठिकाण उभं करा. ते काय असावं यावर फार वेळ घालवू नका. छोट्या टीमला गूगल डॉक्सचा एक फोल्डर आणि वर एक अनुक्रमणिकेचं पान पुरतं. थोडी मोठी टीम असेल आणि सर्व्हर सांभाळणारं कुणी असेल तर बुकस्टॅकसारखी मोफत, मुक्त-स्रोत विकी, म्हणजे सगळ्यांना मिळून लिहिता-बदलता येणारी साइट, चांगली. तिच्यात शेल्फ, पुस्तक, प्रकरण, पान अशी रचना असल्यामुळे नव्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एका विषयाचं एकच पान असणं आणि प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता असणं, म्हणजे लिंक पाठवता येणं, या दोन गोष्टी मात्र हव्यातच.

मराठीत शोधताना काय अडतं

दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे ‘होतं पण सापडलं नाही’ हे दुखणं मराठी टीमांमध्ये जास्त आहे, आणि त्याची कारणं इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शिकेत मिळत नाहीत. म्हणून इथे जरा थांबतो.

एकच गोष्ट आपण किती तऱ्हांनी लिहितो ते बघा. पंप पाणी ओढत नाही, ही तक्रार कुणी देवनागरीत लिहितं, कुणी रोमन लिपीत. रोमन लिपीत ‘पाणी’ लिहिताना कुणी एक ए लावतं, कुणी दोन. ‘झाला’ कुणी झेडने लिहितं, कुणी जे-एचने. शोधणाऱ्याने टाकलेला शब्द त्याच अक्षरांत असला तरच मिळतो.

देवनागरीत लिहिलं तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आलं. त्याआधीपासून लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत होते आणि काही कळफलकांवर आजही तसंच उमटतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती वेगळी अक्षरं आहेत. शोध अक्षराला अक्षर जुळवत असेल तर एका पद्धतीने टाकलेलं ‘ॲप’ दुसऱ्या पद्धतीने टाकलेल्या ‘ॲप’ला सापडत नाही. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र असाच दोन पद्धतींनी टंकता येतो. समोरचा माणूस ‘मी शोधलं, नाही मिळालं’ म्हणतो तेव्हा तो आळस करत नसतो, त्याला खरंच काही दिसलेलं नसतं.

जुन्या कागदपत्रांचं आणखी वेगळं. कार्यालयात श्रीलिपी किंवा कृतीदेव फाँटमधल्या जुन्या वर्ड फाइली असतीलच. त्यांतली अक्षरं तो फाँट आहे म्हणून मराठी दिसतात. आत साठवलेली चिन्हं युनिकोड मराठी नसतात, त्यामुळे युनिकोडमध्ये टाइप केलेला शब्द त्यांत कधीच सापडणार नाही. जी कागदपत्रं वारंवार लागतात तेवढी युनिकोडमध्ये करून घ्या. सगळं कपाट रूपांतरित करायला बसू नका.

आणि फोटो, व्हॉइस नोट! कंट्रोलरच्या डिस्प्लेचा फोटो टाकून ‘हे काय आलंय?’ असं विचारतात आणि उत्तर आवाजात येतं. प्रश्नही शोधता येत नाही, उत्तरही नाही. नियम साधा ठेवा : फोटो टाका, पण डिस्प्लेवर दिसणारा कोड खाली अक्षरांत टाइप करा. तंत्रज्ञांना लिहायचा कंटाळा असेल तर फोनच्या कळफलकावरचा माइक मराठी बोललेलं टाइप करून देतो, तो वापरायला शिकवा. माझ्या अनुभवात पन्नाशीतले दादा हे तरुणांपेक्षा लवकर उचलतात.

यावर सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय म्हणजे प्रत्येक पानाच्या तळाशी ‘इतर नावे’ अशी एक ओळ. तिच्यात त्या अडचणीला लोक जे जे म्हणतात ते सगळं टाका : देवनागरीतले दोन-तीन प्रकार, रोमन लिपीतली स्पेलिंग, कंपनीचा एरर कोड, शेतकरी वापरतो तो शब्द. ही ओळ वाचायला वेंधळी दिसते, पण शोध तिच्यामुळेच लागतो. कुणी ‘नाही मिळालं’ म्हणालं की त्याने काय टाकून शोधलं ते विचारा आणि तो शब्द त्या ओळीत भरा.

एक पान कसं असावं

उदाहरण म्हणून ‘सकाळी पंप सुरू होत नाही’ हे पान घेऊ. शीर्षक शेतकरी फोनवर जे बोलतो तेच ठेवा. ‘लो इरेडिएशन फॉल्ट’ (ऊन कमी पडतंय) असं शीर्षक दिलं तर ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्यालाच ते सापडेल.

पहिल्या ओळीत उत्तर : सकाळी लवकर किंवा दाट ढग असताना पॅनेलमधून पंप चालवण्याएवढी वीज मिळत नाही, कंट्रोलर थांबतो आणि ऊन वाढल्यावर पुन्हा प्रयत्न करतो. हा बिघाड नाही. त्यानंतर फोनवर विचारायचे प्रश्न : किती वाजता बंद आहे, आभाळ आहे का, पॅनेलवर धूळ किंवा झाडाची सावली आहे का, दुपारी चालतो का? मग प्रत्यक्ष जायचं कधी : दुपारी स्वच्छ उन्हातही चालत नसेल तर. आणि एक ठळक ओळ, काय करायचं नाही याची. तीच ओळ बहुतेक ठिकाणी लिहायची राहून जाते.

तिचं महत्त्व ड्राय रनच्या, म्हणजे पंप पाण्याशिवाय चालण्याच्या, पानावर कळतं. उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली की पंप कोरडा चालू नये म्हणून कंट्रोलर तो थांबवतो. घाईत कुणीतरी ग्रुपवर सांगतं की सेटिंग बदला, चालेल. पंप चालतोही, आणि पुढे कोरडा चालून जळण्याची वेळ येते. ‘ड्राय रनची सेटिंग विचारल्याशिवाय बदलायची नाही, आधी बोअरमधली पातळी आणि जोडणी बघा’ हे पानावर असेल तर नव्या मुलाला मोठ्यांच्या फोनची वाट बघावी लागत नाही. एरर कोड कंपनीनुसार बदलतात, तेव्हा तुमच्या कंट्रोलरचं मॅन्युअल समोर ठेवूनच ते लिहा.

पानाच्या डोक्यावर दोन गोष्टी सक्तीच्या : पानाची जबाबदारी कोणाची, आणि ते शेवटचं कधी तपासलं. पान एका मोबाइल स्क्रीनभर, फार तर दोन. शेतात नेटवर्क नसतं, म्हणून मजकूर जास्त आणि फोटो मोजके. गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये पान ऑफलाइन ठेवता येतं. ती सोय प्रत्येकाच्या फोनवर स्वतः बसून करून द्या.

जबाबदारीचं नाव का हवं

‘सगळ्यांनी मिळून सांभाळू’ असं ठरलेलं पान कुणीच सांभाळत नाही. याचा मला माहीत असलेला सगळ्यात बोलका पुरावा गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतला आहे. तिचे कर्मचारी जगभर घरून काम करतात आणि कामाच्या पद्धतींचं तिचं हँडबुक इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं आहे. लिहून ठेवण्यात ते लोक आपल्या फार पुढे आहेत.

३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसची माहिती पुसली गेली. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरली होती. बॅकअपवरून माहिती परत आणायला गेले तर नेहमीचा बॅकअप तयारच होत नव्हता, कारण डेटाबेसची आवृत्ती एक आणि बॅकअप घेणाऱ्या साधनाची दुसरी. बॅकअप अयशस्वी झाल्याचे ईमेल पाठवायची सोय होती, पण पडताळणीच्या तांत्रिक कारणाने ते ईमेल नाकारले जात होते. कुणालाच कळलं नाही. सुदैवाने काही तास आधीची एक प्रत हाताशी होती, तिच्यावरून सेवा उभी केली, तरी सहा-सात तासांची माहिती गेली.

कंपनीने नंतर सगळा तपास जाहीर केला. बॅकअपची नियमित चाचणी का होत नव्हती, या प्रश्नाचं त्यात दिलेलं कारण असं आहे की त्या कामाची मालकी कोणाकडेच नव्हती, त्यामुळे चाचणीची जबाबदारीही कोणावर नव्हती. साधनं होती, सूचना पाठवायची व्यवस्था होती, हुशार माणसं होती. नाव नव्हतं. तुमच्या ड्राय रनच्या पानावर विभागाचं नाही, एका माणसाचं नाव लिहा. तो नोकरी सोडेल त्या दिवशी नाव बदलणं हा निरोपाच्या यादीतला एक मुद्दा करा.

निरोपावरून आठवलं, फाइली कुणाच्या खात्यात आहेत ते आजच बघा. एखाद्या मॅडमनी स्वतःच्या जीमेलवरून सगळी शीट बनवलेली असते आणि सगळे तीच वापरत असतात. कार्यालयाचं गूगल वर्कस्पेस (संस्थांसाठीची गूगलची सेवा) असेल आणि सोडून गेलेल्या माणसाचं खातं फाइली दुसऱ्याकडे न देता काढून टाकलं, तर ते परत आणायला ॲडमिनकडे २० दिवस असतात. शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइली टीमच्या मालकीच्या असतात, माणूस गेला तरी त्या राहतात. तुमच्या वर्कस्पेसच्या योजनेत ती सोय असेल तर उत्तरांची पानं तिथेच हलवा.

आधार कार्ड, सातबारा, बँक पासबुक यांचे फोटो मात्र उत्तरांच्या फोल्डरमध्ये नकोत आणि ग्रुपवर तर मुळीच नकोत. ते तीस जणांच्या गॅलरीत जाऊन बसतात. शेतकऱ्याने ते विश्वासाने दिलेले असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशी माहिती सांभाळायची जबाबदारी ती घेणाऱ्यावर टाकली आहे.

सगळं केलं, तरी प्रश्न परत येतोय

पहिली तपासणी : सर्वांत नव्या तंत्रज्ञाचा फोन हातात घ्या आणि त्यावर लिंक उघडा. बहुतेक वेळा तिथे ‘ॲक्सेस मागा’ असा पडदा येतो. पान कार्यालयाच्या खात्यांसाठी खुलं असतं आणि त्या मुलाच्या फोनवर त्याचं स्वतःचं जीमेल असतं. तो एकदा मागतो, उत्तर येत नाही, आणि पुन्हा कधी लिंक उघडत नाही. कुणी तक्रारही करत नाही. मी पाहिलेल्या बंद पडलेल्या व्यवस्थांमध्ये हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघालं.

दुसरी तपासणी वरिष्ठांची. ग्रुपवर प्रश्न आला की अनुभवी माणूस तोंडपाठ उत्तर देऊन मोकळा होतो. हेतू चांगलाच असतो, पण त्यातून टीम हे शिकते की पान बघण्यापेक्षा साहेबांना विचारणं सोपं. वरिष्ठांशी वेगळं, आदराने बोला. त्यांनी उत्तर द्यावंच, पण लिंकसकट. पान नसेल तर त्यांनी सांगावं आणि विचारणाऱ्याने त्याच संध्याकाळी पान लिहावं, वरिष्ठांनी वाचून होकार द्यावा. ज्याला नुकतं अडलं होतं तोच सगळ्यात समजेल असं लिहितो. ‘पान बघ’ एवढंच सांगून कुणाला झिडकारू मात्र नका. उन्हात उभ्या माणसाचा तसा अपमान झाला की तो पुन्हा विचारणार नाही, चुकीचं करून मोकळा होईल.

तिसरी : जुनं उत्तर अजून फिरतंय का? नवं पान झालं की ग्रुपमधल्या जुन्या मेसेजला रिप्लाय करून ‘हे बदललंय, आता इथे बघा’ असं लिंकसह लिहा. जुनी पीडीएफ फोल्डरमधून काढून ‘जुने’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’ अशा तीन फाइली शेजारी शेजारी असतील तर चौथी बनायची वाट बघू नका.

पानांची तपासणी हंगामाला बांधून घ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर ड्राय रन आणि पातळीची पानं, पावसाळ्यापूर्वी अर्थिंग आणि वीज पडण्यापासूनच्या संरक्षणाची. तारीख कॅलेंडरवर, समोर त्या माणसाचं नाव. आणि सुरुवात त्या दहा-पंधरा प्रश्नांनीच करा. जुना सगळा चॅट खणून ज्ञानकोश बांधायला बसलात तर तो पूर्ण होण्याआधीच लोकांचा धीर सुटतो. या आठवड्यात एकच पान लिहा, ज्या प्रश्नाने सगळ्यात जास्त फेऱ्या घालायला लावल्या त्याचं, आणि तो प्रश्न ग्रुपवर पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याची लिंक द्या.